मी इस्त्री, आणि तो काळा पोशाख

मी इस्त्री बोलतेय. तापलेली आहे, तेव्हा जरा लांबूनच ऐका.

आमच्या लॉन्ड्रीवाल्या बाईंनी दुकानात पाच-सहा जणी उचलून पाहिल्या आणि मला घेतलं. म्हणाल्या, हिला वजन आहे. त्याला एकोणीस वर्षं झाली. वायर तीनदा बदलली, मूठ एकदा. मला फिरवणारा हात मात्र तोच.

मुलाखतीला निघालेले शर्ट, कोर्टात जाणारे काळे कोट, सगळे माझ्याखालून गेले. त्यातले कितीतरी लोक मोठे झाले. पेपरात त्यांचे फोटो येतात, कॉलर कशी ताठ. ती ताठ कुणी केली, ते कुणी छापत नाही. जीव जळतो माझा. खोटं कशाला बोलू?

पण खरी आग लावली ती एका काळ्या पोशाखानं.

पन्नाशीला आल्या आणि बाई पोहायला शिकायला लागल्या. दुपारी दोन ते चार दुकान बंद. कपड्यांचे ढीग पडलेले, मी टेबलावर गार, आणि ती वीतभर चिंधी बाईंच्या अंगाला चिकटून पाण्यात! परत आली की माझ्या डोक्यावरच्या खुंटीला टपटपत लटकायची. साऱ्या दुकानात हा एकच कपडा असा, ज्याला माझी गरज नाही. मी नुसती टेकले तरी वितळेल मेला.

मग एक दिवस हॉटेलवाला आला. रोजच्या चादरी, पडदे, सगळं काम आम्हाला द्यायला तयार. अट एकच, माल चारच्या आत पोचला पाहिजे. बाईंची धाकटी बहीण गिऱ्हाईकं सांभाळते. तिनं तर मनातल्या मनात पाटीसुद्धा रंगवली, गावातली सगळ्यात मोठी लॉन्ड्री म्हणून. मीही हुरळले.

बाई म्हणाल्या, "चारच्या आत नाही जमायचं."

हॉटेलवाल्याची पाठ वळली तशी बहीण उसळली. "ताई, त्या पाण्यात डुंबून तुला कप मिळणार आहे का?"

"कप कोणाला हवाय? एकदा कठडा न धरता त्या टोकाला जायचंय."

"आणि गेल्यावर?"

"गेल्यावर परत यायचंय."

बहीण दोन दिवस गिऱ्हाईकांच्या पिशव्या आपटत राहिली. मी महिनाभर धुमसले. काम गेलं समोरच्या लॉन्ड्रीला. तिथली मालकीण डबा उभ्याउभ्याच खाते, एका हातात पोळी, दुसऱ्या हातात इस्त्री. कळतं मला सगळं. तरी त्या इस्त्रीचा हेवा वाटतोच.

परवा बाई चारनंतर आल्या. केस ओलेच होते. पोशाख खुंटीला अडकवला, स्टुलावर टेकल्या आणि धापा टाकत म्हणाल्या, "गेले गं. आणि आले."

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मला सांगितलं की त्या चिंधीला, देव जाणे. मी आपलं माझ्यावर घेतलं. एकोणीस वर्षं दुसऱ्यांच्या कॉलरी ताठ करताना त्या बाईचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. त्यात माझा हात नाही, हेच तर सलतंय.

त्या चिंधीला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण तुम्हाला सांगून ठेवते. शर्ट कितीही घाईचा असो, दोन ते चार दार वाजवू नका. बाई पाण्यात आहेत.