दोन प्रशस्तिपत्रकांच्या मधलं पत्र

मित्रांनो, मान वर करून सांगावं असं माझ्याजवळ फारसं नाही. मी एक जुनी फाईल आहे. निळ्या पुठ्ठ्याची, चार कड्यांची, आत चाळीस पारदर्शक कप्पे असलेली. कोपरे झिजले आहेत आणि रंग उडाला आहे, पण त्याची मला लाज वाटत नाही. वय झालं की एवढं व्हायचंच. लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका यंत्राने पुठ्ठा कापला, दुसऱ्याने त्यावर निळं प्लास्टिक चढवलं, तिसऱ्याने कण्यात धडाधड कड्या ठोकल्या. नंतर दीड महिना मी एका दुकानात कंपासपेट्यांच्या शेजारी उभी होते. तिथून एका आईने मला उचललं. विकत घेण्याआधी तिने माझ्या कड्या सहा वेळा उघडून मिटून पाहिल्या.

"अहो ताई, फाईल घेताय की दार बसवताय?" दुकानदार म्हणाला.

"रोजची उघडमीट आहे," आई म्हणाली. तेवढ्यावरून मी ओळखलं, आपण चांगल्या घरी पडलो.

ही आई एका दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर बसायची. कागद लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिचे दोन नियम होते. कागद कधी फेकायचा नाही, आणि चांगला कागद नेहमी पुढे. बाबांचा वायरमनचा परवाना, जन्मदाखले, लसींची कार्डं, दोन्ही मुलांची प्रगतिपुस्तकं, सगळं तिने माझ्या हवाली केलं. धाकट्याची प्रगतिपुस्तकं पुढच्या कप्प्यांत होती. थोरलीची पार मागे.

थोरलीला घरात सगळे भिंगरी म्हणत. पळण्यात ती पहिली. शाळेच्या नाटकात स्वतःचेच नव्हे, इतरांचेही संवाद तिला एकदा ऐकून पाठ होत. पण पुस्तक उघडलं की ही भिंगरी जागच्या जागी थांबायची. ओळीवर बोट असं दाबून धरायची, जणू ओळ पळूनच जाणार आहे. तेरावं संपत आलं तरी धाकटा तिच्यापेक्षा भरभर वाचायचा. तो दोन वर्षांनी लहान, आणि हे बोलून दाखवण्यात मात्र तिच्या कितीतरी पुढे.

अशात बाबांना परदेशात काम मिळालं. कुटुंबासकट जायचं ठरलं. मग रोज जेवणं झाली की मला टेबलावर मधोमध ठेवून एकच चर्चा चाले: भिंगरीच्या शाळेचं काय?

"तिला माझ्याकडे ठेवा," मावशी म्हणाली. "इथली शाळा संपवू दे. तिथे नवी भाषा, नवी लिपी. आहे तीच अक्षरं तिला नीट येईनात."

"नाहीतर तिकडे एक वर्ष खालच्या वर्गात घालू," बाबा म्हणाले.

"खालच्या वर्गात? लोक काय म्हणतील?" आई म्हणाली.

"कुठले लोक? तिथे आपल्याला ओळखतं कोण?"

आईने मला मिटून कपाटात ठेवलं. पण मला तिचा स्वभाव ठाऊक होता. ओळखणारं कुणी नसलं तरी लोक तिच्यासोबतच विमानात बसणार होते.

निघायच्या आठवड्यात भिंगरीच्या वर्गशिक्षिकेने आईला बोलावून एक पत्र दिलं. दोन पानी, हाताने लिहिलेलं. "नव्या शाळेत पहिल्याच दिवशी भाषांतर करून द्या," त्या म्हणाल्या. आईने घरी येऊन ते उघडलं. 'ही मुलगी वाचनात वयाच्या मानाने तीन वर्षं मागे आहे,' अशी सुरुवात होती. आईने चार ओळी वाचल्या आणि घडी घालून टाकली. तिचे कान लाल झाले होते. कागद फेकायचा नाही, हा नियम तिने तेव्हाही मोडला नाही. माझ्या एका कप्प्यात भिंगरीचं पळण्याचं प्रशस्तिपत्रक होतं. त्याच्या पाठीला तिने नाटकाचं प्रशस्तिपत्रक लावलं आणि दोन्हींच्या मधे ते पत्र सरकवलं. या बाजूने पाहा, बक्षीस. त्या बाजूने पाहा, बक्षीस. मी पारदर्शक म्हणून मिरवत होते, आणि माझ्यातलं ते पत्र कुणाला दिसत नव्हतं.

मित्रांनो, कागद माझ्यात आला की त्यावरचं सगळं मला कळतं. आईने न वाचलेलं दुसरं पानही मला कळलं. त्यात लिहिलं होतं: 'ही मुलगी मठ्ठ नाही आणि आळशी तर नाहीच. अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाहीत. या वर्षी मी तिला प्रश्न वाचून दाखवले, उत्तरं तोंडी घेतली, तर विज्ञानात ती वर्गात तिसरी आली. तिची तज्ज्ञांकडून तपासणी करा. तिला ऐकून शिकू द्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत इतकं लक्ष देऊन ऐकणारी मुलगी मी पाहिली नाही.'

त्या मुलीबद्दल कुणी लिहिलेली सर्वांत चांगली गोष्ट त्या पत्रात होती. आणि ती मी दाबून धरून बसले होते.

नव्या देशात पहिल्याच आठवड्यात आम्ही प्रवेश कार्यालयात गेलो. तिथल्या बाईंनी माझं पान न् पान उलटलं. ते पाहून त्यांचा चेहरा खुलला. त्या बाबांना काहीतरी म्हणाल्या. बाबांनी आईला सांगितलं, "म्हणतायत, इतकी व्यवस्थित फाईल रोज बघायला मिळत नाही." मग बाईंनी भिंगरीकडे पाहून आणखी काही विचारलं. "अभ्यासात काही अडचण असेल तर आत्ताच सांगा, म्हणतायत. त्यांच्याकडे वेगळी मदत असते."

आईचा अंगठा त्या कप्प्यावर होता. "नाही," ती म्हणाली. "काही नाही."

आता माझं ऐका. प्रवासात माझी एक कडी वाकली होती. मी अंग जरा सैल सोडलं असतं तर सगळे कागद त्या टेबलावर सांडले असते. पण बाईंनी नुकतंच मला व्यवस्थित म्हटलं होतं. त्या कौतुकाने मी इतकी फुशारले की कडी घट्ट आवळून बसले. आजही ते आठवलं की स्वतःला मिटून घ्यावंसं वाटतं.

भिंगरीला तिच्या वयाच्या वर्गात प्रवेश मिळाला. धाकटा चार महिन्यांत तिथली भाषा फडाफडा बोलू लागला. बोलायला तीही शिकली, पण वाचायची वेळ आली की पोटात दुखतं म्हणू लागली. "भाषा नवी आहे, होईल सवय," असं सगळे म्हणत. खरी गोष्ट शाळेला माहीत नव्हती, म्हणून मदतही चुकीची मिळत होती. तिला आणखी पुस्तकं मिळाली, आणखी बारीक अक्षरांची.

सहाव्या महिन्यात शाळेची चिठ्ठी आली. पुढच्या सत्रापासून मुलीला दोन वर्ग खाली बसवत आहोत, मान्य नसल्यास आठ दिवसांत भेटा. दोन वर्ग खाली म्हणजे धाकट्याच्याच वर्गात.

"मला तरी कुठे हवीय ही माझ्या वर्गात!" धाकटा ओरडला.

"तू गप रे," बाबा म्हणाले.

भिंगरी रडली नाही. "मला मावशीकडे पाठवा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना तिने मला कपाटातून काढलं. मावशीकडे जायचं म्हणून तिला जुन्या शाळेचा दाखला हवा होता. मथळे वाचत बसण्यापेक्षा ती कागद चित्रांवरून शोधायची. पळणाऱ्या मुलीचं चित्र दिसलं म्हणून तिने ते प्रशस्तिपत्रक सहज ओढलं. त्याबरोबर पत्र बाहेर आलं. जुन्या शाळेतल्या बाईंचं अक्षर तिने लगेच ओळखलं.

ती तिथेच जमिनीवर बसली. बोट ओळीखाली ठेवून, एकेक शब्द ओठांवर घेऊन तिने वाचायला सुरुवात केली. तेव्हा साडेतीन वाजले होते. शेवटच्या सहीपर्यंत पोचली तेव्हा साडेपाच होत आले होते, आणि आई दारात उभी होती. इथे ती एका लाँड्रीत इस्त्रीचं काम करायची. हातातली पिशवीसुद्धा तिने खाली ठेवली नव्हती.

"आई, तू हे वाचलंस?"

"थोडंसं."

"थोडंसं म्हणजे?"

"चार ओळी. मला वाटलं, पुढेही तसंच असेल."

भिंगरीने पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "मला हे वाचायला दोन तास लागले, आई. तुला दोन मिनिटं लागली असती."

आई पिशवी खाली ठेवून तिच्याशेजारी जमिनीवर बसली. मला उत्तर सुचलं असतं तरी ते द्यायला तोंड नव्हतं.

तीन दिवसांनी मला घेऊन चौघेही शाळेत गेले. मुख्याध्यापिकेच्या शेजारी एक दुभाषी बसला होता. पत्र पाहताच बाबा घाईने म्हणाले, "ते सामानात राहून गेलं होतं."

"राहून गेलं नव्हतं," आई म्हणाली. "मी लपवलं होतं. मला लाज वाटली."

दुभाष्याने बाबांकडे पाहिलं. मग आईचं वाक्य तसंच्या तसं सांगितलं. त्यानंतर आईने पत्र मोठ्याने वाचलं, दोन्ही पानं, आणि दुभाषी एकेक वाक्य सांगत गेला. दुसऱ्या पानावरची पहिली ओळ तिने दोनदा वाचली. भिंगरी खिडकीबाहेर बघत होती, पण ऐकत होती. ऐकण्यात ती पहिल्यापासून हुशार.

खालचा वर्ग टळला. तपासणीची तारीख मिळाली, आणि तोवर परीक्षेत प्रश्न वाचून दाखवायला एक बाई नेमल्या. म्हणून सगळं सुरळीत झालं असं समजू नका. वाया गेलेले सहा महिने कुणी परत देत नाही. पुढे चार दिवस भिंगरी आईशी कामापुरतंच बोलली. पाचव्या दिवशी विज्ञानाचा धडा तिने आईसमोर ठेवला आणि म्हणाली, "वाच. मी ऐकते." नव्या भाषेत आई अडखळत वाचत होती, आणि भिंगरी तिचे उच्चार सुधारत होती.

ते पत्र आता माझ्याकडे नाही. भिंगरीने ते स्वतःजवळ ठेवलं आहे, आणि ते तिथेच असायला हवं.

मित्रांनो, फाईलची निगा राखा, कागद जपून ठेवा, असं एरवी मी तुम्हाला सांगितलं असतं. पण कागद जपण्यात मी कुठे कमी पडले होते? म्हणून वेगळंच मागते. तुमच्याबद्दल कुणी काही लिहिलं असेल तर ते वाचायला मागा, शेवटच्या ओळीपर्यंत. आणि एखादी गोष्ट तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा, मोठ्याने सांगा, कुणी विचारायची वाट बघू नका. सगळं ठाऊक असून गप्प बसणाऱ्या माझ्यासारख्या वस्तू प्रत्येक घरात पुष्कळ असतात. त्यांत तुमची भर नको.