तळाची रेघ

धाकूने सनई ओठांना लावली, समोरच्या लांबलचक कागदावरच्या काळ्या गोळ्याकडे पाहिले आणि ती पुन्हा मांडीवर ठेवली.

कागद सेजलचा. मुळगावची ही मुलगी परदेशात संगीत शिकून आली होती. सारेगम न लिहिता तिने ठिपके, वेटोळी आणि काटे काढले होते. ते पाहून वादकाने सुचेल तसे वाजवायचे. चूक काहीच नाही, असे तिने बजावले होते. हळर्णच्या धाकूला ही मोकळीक नवी नव्हती. लग्नात पाने वाढायला घेतली की ऐकणारे कोणी उरत नसे आणि त्याचे सगळेच बरोबर असायचे.

गोळ्याने तो अडला नव्हता. अडला होता शेजारच्या रिकाम्या चटईने. सेजलला एकच वादक हवा होता, आणि जन्मभर त्याच्या सनईखाली दुसऱ्या सनईवर एकच सूर धरून बसलेला बाबली हे कळल्यापासून धाकूच्या पडवीत फिरकला नव्हता. 'त्या चित्रात माझा काम खंय?' एवढेच तो धाकूच्या बायकोला, चंद्रावतीला, सांगून गेला होता.

धाकूने दाराकडे पाहिले. मग खिशातले पेन काढले आणि नातीच्या कंपासपेटीतली पट्टी.

संध्याकाळी तो बाबलीच्या अंगणात उभा राहिला. बाबली नारळ सोलत होता. त्याने मान वर केली नाही.

"तळाक बघ," धाकू म्हणाला. "ही सरळ रेघ कोण वाजयतलो?"

बाबलीने हात पुसले आणि कागद डोळ्यांजवळ धरला.

"बाकी सगळा काळा. हीच निळी."

"सूर निळोच आसता."

कार्यक्रमाआधी डिचोलीच्या सभागृहात सेजलनेही ती रेघ पाहिली. मग धाकूच्या खिशातले पेन पाहिले.

"हिच्याबद्दल सांगायचं राहिलंच काका," ती म्हणाली आणि दुसरी चटई घालायला लावली.

धाकूने ठिपके टोचले, वेटोळी सावकाश सोडवली, गोळ्यात दम संपेपर्यंत बुडी मारली. खाली बाबलीचा सूर होता. लोक ऐकत होते. जेवणाची घाई कोणालाच दिसत नव्हती. आणि शेवटच्या वेटोळ्यापाशी सूर थांबला.

धाकूने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिले. बाबली आपली सनई पुसत निवांत बसला होता. उरलेले वेटोळे धाकूने एकट्याने वाजवले. जपून सुरू केले, पण संपवायची घाई केली नाही.

टाळ्या चालू असताना तो बाबलीकडे वाकला.

"मधीच सोडलंस कित्याक?"

बाबलीने कागदाच्या उजव्या कडेला बोट ठेवले. निळी रेघ कडेच्या चार बोटे अलीकडेच संपली होती.

"फुडच्या टायमाक पट्टी मोठी घे," तो म्हणाला.