मधला माणूस

डोंग्याचं नाक बेशरमाच्या झुडपात अडकलं, तसं रुपानं वल्हं चिखलात रोवून जोर लावला. डोंगा हातभर मागं आला आणि आडवा झाला. मागच्या टोकाला बसलेल्या डोमानं डोळे मिटून घेतले. सकाळपासून डोंगा कितव्यांदा अडकला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

खांदा कामातून गेला नसता तर तो इथं बसलाच नसता. भासरा आणि धाकट्या भावाची बायको एका डोंग्यात! गावानं तोंडात बोटं घातली होती. पण पोळ्याच्या सुमारास डोमाचा धाकटा भाऊ प्रविण वारला आणि डोंगा काठावर पालथा पडला. यंदा जाळी टाकली नाहीत तर नाल्यावरचा मासेमारीचा हक्क सोसायटी दुसऱ्याला देणार, आणि रुपा लेकीला घेऊन कोंढ्याला माहेरी जाणार. वाट डोमाला ठाऊक, हात रुपाचे. खरं सांगायचं तर तो इतका थकला होता, की तिनंच कंटाळून डोंगा परत फिरवला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

ती कंटाळत नव्हती.

बोलायची सोय नव्हती. भासऱ्यानं भावसुनेशी थेट बोलायचं नाही, अशी रीत. म्हणून तो खाकरायचा आणि बांबूनं दिशा दाखवायचा. पुढं तोंड करून वल्हवणारीला पाठीमागचा बांबू कसा दिसणार, हे काही त्या शहाण्याला सुचलं नव्हतं.

नाल्याला दोन फाटे फुटले, तिथं डावीकडं मोकळं पाणी चमकत होतं. वर वीतभर पाणी, खाली माणूस गिळेल एवढा गारा, म्हणजे गाळ. रुपानं डोंगा नेमका तिकडंच वळवला. डोमा खाकरला. पुन्हा खाकरला. शेवटी कावून ओरडला,

"प्रविण, सांग ना तिले! तिकडं गारा आहे!"

वल्हं थांबलं.

तिच्या लग्नापासून तो असाच बोलत आला होता. जेवण वाढायला सांगायचं असो की लेकीच्या तापाचं विचारायचं असो, मध्ये प्रविण असायचा. डोमाला कुठं तोंड लपवावं ते कळेना.

रुपानं मागं पाहिलं नाही. पदर सारखा केला आणि समोरच्या पाण्याकडं बघत, प्रविणलाच सांगावं तशी म्हणाली,

"त्यायले म्हणा, तुम्ही आता नाही. सांगायचं असन तं त्यायनंच सांगाव."

डोंगा हळूहळू गाळाकडं सरकत होता. डोमानं बांबू खाली ठेवला.

"रुपा," तो म्हणाला, "उजव्या अंगानं घे. मी आहो मागं."