एकटीची पिल्लं

पालीत वीरभद्रअप्पांच्या किराणा दुकानात गल्ल्याशेजारी काचेची टाकी आली, तेव्हा गिऱ्हाइकं मीठ-मिरची विसरून तिच्यासमोर उभी राहायला लागली. हौस अप्पांचीच. बीडहून त्यांनी ‘लॉबस्टर’ म्हणून जे आणलं ते धड झिंगा नव्हतं, धड खेकडा नव्हतं. राखाडी रंग, अंगभर ठिपके आणि पुढं दोन नांग्या. एकच आणलं होतं. जोडी आणली तर पिल्लं होतील, ती कोण सांभाळणार, असा त्यांचा शहाणा विचार.

अप्पांची हौस आठवड्यात फिटली आणि टाकी त्यांच्या बायकोच्या, महादेवीबाईंच्या गळ्यात पडली. जन्मात अंड्याला न शिवलेली ही लिंगायत बाई रोज लिंगपूजा आटोपली की त्या प्राण्याला मेथीची पानं घालायची. ‘‘एकटीच हाय बिचारी,’’ म्हणायची. ती मादी आहे हे बाईंना कुणी सांगितलं देव जाणे, पण निघाली मादीच. आखाड सरता सरता तिच्या शेपटीखाली मोहरीएवढी अंडी दिसली आणि श्रावणात शंभरावर पिल्लं पोटाला लोंबकळायला लागली.

अख्खी पाली हसली. नर नाही, जोडी नाही, आणि टाकीत पाळणा! महादेवीबाईंनी मात्र हात जोडले. देवाची करणी आणि नारळात पाणी. बाळंतिणीला मेथी चांगली म्हणून त्यांनी जुडी वाढवली आणि सोमवारी ही मायलेकरं धरणात सोडायची असं ठरवून टाकलं. जीवदानाएवढं पुण्य दुसरं कोणतं?

सून कावेरी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. तिनं हे ऐकलं आणि हातातली पोळी तशीच ठेवली.

‘‘आत्या, धरणात न्हाई सोडायचं.’’

‘‘कावून?’’

‘‘ही आपल्याकडची न्हाई. हिच्या जातीत नरच नसतो. समद्या माद्या, अन् एकेक एकटीच पिल्लं काढती. एक सुटली तरी पुरं. पाण्यातलं गवत, गोगलगायी, माशांची अंडी, घावल ते खाती. एकदा पसरली की मग कुणाला आवरत न्हाई.’’

‘‘मग काय करावं म्हणतीस?’’

कावेरीनं फ्रीजकडं बघितलं. ‘‘गारठ्यात गुंगी येती त्येन्ला. गुंगीतच जातेत. मी करते, तुमी बघू नका.’’

ज्या फ्रीजात देवाचं दही, त्यात मढी ठेवायची? बाई त्या दिवशी सुनेशी बोलल्या नाहीत. पोथी वाचणारीला पुस्तकवाली काय शिकवणार!

सोमवारी कावेरी कॉलेजला गेली तशी बाईंनी पिल्लांसकट सगळं बादलीत घेतलं, वर झाकण ठेवलं आणि बेलाचं पान घेऊन धरणाची वाट धरली. काठावर धुळाजी मेंढरं चारत होता. मेंढरांना लागणारं खडेमीठ तो अप्पांच्याच दुकानातून न्यायचा.

‘‘अक्का, टाकीतली पाव्हणी व्हय?’’ म्हणत त्यानं झाकण उचललं. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, त्यानं जवळचा एक दगड उलथला आणि खालची खेकडी पाठीकडून अलगद धरली. तिच्या पोटाच्या झडपेत बारकी बारकी खेकडी गच्च बसलेली होती. ‘‘हिलाबी लेकरं झाल्यात बघा. घ्या, दोघींची वळख करून देतो,’’ असं म्हणून त्यानं ती बादलीत सोडली.

खेकडी बावरली. तिच्या पोटाखालची पाच-सहा पिल्लं निसटून पाण्यात पडली. मेथी खाणारीनं एक नांगी पुढं केली, एक पिल्लू उचललं आणि तोंडात घातलं. मग दुसरं. तिसरं. घाई नाही, राग नाही. मेथीचं पान खावं तसंच.

धुळाजीनं खेकडी बाहेर काढून दगडाखाली परत ठेवली. ‘‘लई खादाड हाय की तुमची!’’

महादेवीबाई तिथंच खाली बसल्या. त्यांना त्या मुक्या जिवाचा राग आला नाही, राग आला स्वतःचा. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हेच आपण पुण्य म्हणून करायला निघालो होतो. समोर पाणी शांत होतं. त्याच्या काठाला असे किती दगड, आणि प्रत्येकाखाली कोण कोण असेल, याचा विचार त्यांनी आजवर कधी केला नव्हता.

‘‘न्हाई सोडीत व्हय?’’ धुळाजीनं विचारलं.

‘‘न्हाई,’’ त्या म्हणाल्या आणि झाकण घट्ट लावून उठल्या.

संध्याकाळी कावेरी आली तेव्हा दह्याचं भांडं ओट्यावर होतं आणि फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एक डबा होता. तिनं सासूकडं बघितलं. ‘‘आत्या, मी केलं असतं की.’’

‘‘मेथी मी घातलीय,’’ बाई म्हणाल्या. ‘‘हेबी माझ्याच हातानं व्हायला पायजे.’’

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी परसात बेलाखाली खड्डा केला. लिंगायतांत आपल्या माणसाला पुरताना वाहतात तशी विभूती वाहिली, वर मेथीची चार पानं ठेवली आणि माती लोटली. अप्पा दारात उभे होते. त्यांना हसू आलं. ‘‘काय गं, एवढ्याशा किड्यासाठी रडतीस?’’

बाईंनी पदरानं डोळे पुसले.

‘‘बाळंतीण होती हो ती,’’ त्या म्हणाल्या. ‘‘अन् मी मारली.’’