मोटारबंदीचा चुकलेला रविवार

माणसाची खरी संस्कृती राजवाड्यांत दिसत नाही, ग्रंथालयांत दिसत नाही, भाषणांत तर मुळीच दिसत नाही. रविवारी सकाळी तो आपल्या नातवंडांना कुठे घेऊन जातो, तिथे ती दिसते.

हे मी शनिवारी संध्याकाळी म्हटलं तेव्हा पलंगावर पालथा पडलेलो होतो आणि माझी बायको स्पेसियोज माझ्या कमरेवर गरम पाण्याची पिशवी ठेवत होती.

"बोलताना हलू नका," ती म्हणाली. "पिशवी घसरते."

पाठीचं सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी उमुगांडा असतो. त्या दिवशी सगळं किगाली सकाळी फावडी घेऊन बाहेर पडतं आणि आमची गल्ली गटार उपसते. मीही उपसतो. म्हणजे फावड्याला टेकून उभा राहतो आणि उपसणाऱ्यांना दिशा दाखवतो. तरी पाठ दुखतेच, आणि दुखते ती मोजून आठ दिवस. ज्या रविवारी ती थांबते तो मोटारबंदीचा रविवार. त्या दिवशी सकाळी सात ते दहा रेमेराचा मोठा रस्ता गाड्यांना बंद आणि माणसांना मोकळा असतो. शहरातले सगळे लठ्ठ लोक त्यावर पळतात, सगळी पोरं लोळतात आणि तंबूत नर्सबाई फुकट रक्तदाब मोजून देतात. लोक त्यासाठी कॅलेंडर बघतात. मला पाठ पुरते. चौतीस वर्षं मी शाळेत अंकगणित शिकवलं आहे.

या रविवाराला महत्त्व होतं, कारण माझ्या मुलीनं तो शेवटचा ठरवला होता.

दातिवा नर्स आहे. सुई टोचण्याआधी ज्या गोड आवाजात ती बोलते, त्याच आवाजात तिनं मला सांगितलं, "बाबा, आता एकच संधी. याही रविवारी काही झालं, तर पुढच्या आठवड्यापासून मुलं क्लबला जातील."

हा क्लब म्हणजे रविवारी सकाळी मुलांकडून मातीचे हत्ती करून घेणारी संस्था. तिथे रंगीत वेळापत्रक आहे, पोहण्याचा तलाव आहे, ढोल आहेत, आणि दर अर्ध्या तासानं आईच्या फोनवर पोर हसत असल्याचा फोटो येतो.

माझ्या आधीच्या तीन रविवारांचे फोटो आले नव्हते ते बरंच झालं. पहिल्या रविवारी मी मुलांना दुधाच्या दुकानात नेलं आणि चार वर्षांचा गीसा थंड आंबट दुधाचे तीन मग प्यायला. येताना त्यातले दोन मोटोवाल्याच्या, म्हणजे भाड्यानं मोटारसायकल चालवणाऱ्याच्या, पाठीवर परत केले. दुसऱ्या रविवारी विमानं बघायला विमानतळाच्या कुंपणापाशी गेलो. विमान दुपारी होतं. आम्ही अडीच तास कुंपण पाहिलं. तिसऱ्या रविवारी गीसाचा एक बूट हरवला, त्याबद्दल मी अजून फारसं बोलत नाही.

पण मला तो रविवार हातचा जाऊ द्यायचा नव्हता. आठवड्याचे सहा दिवस मला कुणी काही विचारत नाही. निवृत्त माणसाला लोक फक्त "कसं काय" विचारतात आणि उत्तर यायच्या आत पुढे निघून जातात. रविवारी तेता मला विचारते की डुकराला भुवया असतात का, आणि उत्तर मिळेपर्यंत माझी बाही सोडत नाही. ती सहा वर्षांची आहे. मला त्या बाहीची सवय झाली होती.

तेताचं मागणं साधं होतं. रस्त्याच्या मधोमध, अगदी पांढऱ्या पट्टीवर, मांडी घालून बसायचं आणि मांदाझी, म्हणजे तळलेले गोड पाव, खायचे. मी कबूल केलं होतं. तिनं वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं.

रविवारी उठलो तर पाठ अजिबात दुखत नव्हती. स्पेसियोज पहाटेच प्रार्थनेला गेली होती, दातिवा रात्रपाळीला, आणि मुलं आमच्याकडे झोपली होती. कोपऱ्यावरच्या बाईकडून तीन गरम मांदाझी घेतल्या, कागदात गुंडाळल्या आणि आम्ही निघालो. मी पुढे, मुलं मागे.

"सोगोकुरू," तेता म्हणाली, आमच्याकडे आजोबांना असंच म्हणतात, "एवढ्या गाड्या कशा काय?"

"त्या घरी चालल्यात," मी म्हटलं. "सात वाजता रस्ता बंद होतो ना, म्हणून गडबडीत आहेत."

"साडेसात झालेत."

"उशीर झालेल्या आहेत."

मोठ्या रस्त्याला आलो. मी दोन्ही नातवंडांना फुटपाथवर उभं केलं, शर्टाची कॉलर नीट केली आणि ज्याला पूर्ण अधिकार आहे अशा माणसासारखा रस्त्यात उतरलो. एक मोटोवाला माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

"कुठे जायचंय, मुझेहे?" म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे आदरानं मुझेहे म्हणतात.

"मला कुठेही जायचं नाही. तूच जा. या रस्त्यावर तू असायला नको आहेस."

त्यानं हेल्मेटची काच वर केली आणि माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "का बरं?"

"रविवार आहे."

"माहितीय. म्हणून तर गिऱ्हाईक आहे. लोक चर्चला जातायत." मग मागे मुलांकडे बघत, "पण तिघं नाही घेत मी."

त्याच्या मागे एक बस, बसमागे पाच-सहा गाड्या. कुणी ओरडलं नाही. आमच्याकडे लोक ओरडत नाहीत, नुसते बघतात, आणि ते जास्त लागतं. मग चौकातल्या वाहतूक पोलीस बाई शांतपणे चालत आल्या. पिवळं जाकीट, पांढरे हातमोजे, वय माझ्या दातिवाएवढं.

"मुझेहे, काही हरवलंय का?"

"बाई, आज मोटारबंदी आहे."

"नाही."

"महिन्याचा पहिला रविवार आहे."

"दुसरा आहे. पहिला गेल्या आठवड्यात झाला. आता तिसऱ्या, म्हणजे पुढच्या रविवारी."

मी मनातल्या मनात मोजलं. या खेपेला उमुगांडाचा शनिवार नेमका एकतीस तारखेला आला होता. म्हणजे पहिला रविवार दुसऱ्याच दिवशी, आणि त्या दिवशी मी पिशवी घेऊन पालथा पडलेलो. आज रस्ता किती शांत आहे, असं त्या सकाळी मला वाटलंही होतं. चौतीस वर्षं मी मुलांना हातचा एक विसरू नका म्हणून छड्या मारल्या.

"या, बाजूला या," बाई म्हणाल्या. त्यांनी मला कोपराला धरून फुटपाथवर आणून सोडलं. मुलांनी हे सगळं पाहिलं.

तेताचा खालचा ओठ पुढे आला. ती रडत नाही. ती आधी चौकशी करते.

"सोगोकुरू, तुमचं चुकलं का?"

"थोडंसं."

"किती?"

"सात दिवसांनी."

"मग मधोमध बसायचं नाही?"

"पुढच्या रविवारी बसू."

"पुढच्या रविवारी आम्ही क्लबला जाणार," गीसा म्हणाला. हे घरात ठरवून मुलांना न सांगितलेलं होतं, म्हणजे त्याला सगळ्यात आधी कळलेलं होतं.

घरी जाण्याखेरीज काही उरलं नव्हतं. घर रस्त्याच्या याच बाजूला, पण या बाजूचा फुटपाथ पुढे खणून ठेवलेला दिसला, तेव्हा पलीकडून जावं म्हणून आम्ही झेब्रा पट्ट्यांपाशी आलो. बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांना बहुधा माझी दया आली असावी, किंवा मी पुन्हा रस्त्यात उतरेन अशी भीती वाटली असावी. त्या गीसासमोर वाकल्या.

"तुला रस्ता ओलांडता येतो?"

"नाही."

"सोपं आहे. इथे उभं राहायचं. आजोबांचा हात घट्ट धरायचा. दुसरा हात असा वर. ड्रायव्हरच्या डोळ्यांत बघायचं. गाडी पूर्ण थांबली की मग चालायचं. आधी नाही."

गीसानं हात वर केला. एक मोठी निळी बस येत होती, साठ माणसं आत, छपरावर केळीचे घड. ती हळू झाली आणि थांबली.

गीसानं बसकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात त्याच्या रोजच्या ओळखीचा होता, त्यानं तो नाकात वगैरे घातलेला होता, पण त्यात हे आहे हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आम्ही पलीकडे गेलो.

"परत," गीसा म्हणाला.

"घरी जायचंय ना?"

"परत."

परतीला तेतानं हात वर केला. एक चकचकीत काळी गाडी थांबली, काचाही काळ्या. मागे कुणीतरी मोठा माणूस बसलेला असावा, कारण ड्रायव्हरच्या तोंडावर तसा भाव होता. तेता पट्ट्यांवरून अशी चालली की माझ्या लग्नात स्पेसियोजही तशी चालली नव्हती. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, "आता तुमची पाळी."

मी हात वर केला. खरं सांगतो, बरं वाटतं.

पुढच्या फेऱ्या मी अंकगणिताचा शिक्षक असूनही मोजल्या नाहीत. आम्ही गेलो आणि आलो. आधी नुसते चाललो, मग मागे मागे चाललो, मग फक्त पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवत, मग फक्त काळ्यावर. बाईंनी दुसऱ्या फेरीनंतर नियम घातला: रांग दहा गाड्यांची झाली की तिला जाऊ द्यायचं. तेता गाड्या मोजू लागली. मधल्या दुभाजकाच्या कठड्यावर बसून आम्ही मांदाझी खाल्ल्या. एक मांदाझी गीसानं बाईंना दिली, चावलेली.

"ड्यूटीवर खात नाही आम्ही," त्या म्हणाल्या, आणि इकडेतिकडे बघत खाल्ली.

मोटोवाले आम्हाला ओळखू लागले. एक जण चौथ्यांदा थांबवला गेला तेव्हा म्हणाला, "मुझेहे, पोरांना जरा दुसरा नाद लावा."

"लावला होता," मी म्हटलं. "तो पुढच्या रविवारी आहे."

साधारण नऊच्या सुमाराला गीसानं हात वर केला आणि एक मोटो थांबली. मोटोवाल्याच्या मागे नर्सचा पांढरा कोट होता. कोटावर हेल्मेट होतं. हेल्मेट निघालं तेव्हा आत दातिवा होती.

मी चौतीस वर्षांत तपासणीला आलेले कित्येक अधिकारी पाहिले. इतकं गप्प कुणीच पाहिलं नाही मला. रात्रपाळी करून ती सरळ आमच्या घरी गेली होती. तिथे तिला चर्चहून परतलेल्या स्पेसियोजनं सांगितलं की म्हातारा दोन पोरांना घेऊन मोकळ्या रस्त्यावर बसायला गेलाय. तो रस्ता आज मोकळा नाही, हे दातिवाला पक्कं माहीत होतं. मोटारबंदी असती तर ती स्वतः तंबूत असती. गेल्या रविवारी होतीच, आणि रात्री जेवताना तिनं त्याचं सगळं वर्णन केलं होतं. मी तेव्हा घेवड्यात गुंतलो होतो.

ती आमच्याबरोबर फुटपाथवर आली. आधी गीसाला चाचपलं, मग तेताला, मग बूट मोजले. चारही होते.

"बाबा."

"हो."

"तुम्हाला आईनं सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं असेल."

"तीनदा सांगितलं म्हणते."

"पिशवी ठेवताना सांगितलं असेल. तेव्हा मी बोलत असतो."

तिला हसू आलं नाही. "मला वाटलं, रस्त्याच्या मधोमध..." ती म्हणाली आणि तिथेच थांबली. तिच्या जागी मी असतो तर मीही मुलं क्लबला पाठवली असती. आजच पाठवली असती.

तेवढ्यात बाई आल्या. "ही तुमची मुलगी का, मुझेहे? अहो ताई, मी इथेच आहे सकाळपासून. हात सुटला नाही आजोबांचा. एकदासुद्धा." मग जरा थांबून, "त्यांची सुरुवात जरा वाईट होती."

दातिवा फुटपाथच्या कडेला बसली. मुलं तिच्या दोन बाजूंना. मग तिनं तेताला विचारलं, "खरं सांग हं. पुढच्या रविवारी क्लब की सोगोकुरू?"

तेतानं घाई केली नाही. "क्लबमध्ये काय असतं?"

"पोहणं. ढोल. मातीचे हत्ती."

"हात वर केला की हत्ती थांबतात?"

"नाही. ते हलतच नाहीत."

"मग सोगोकुरू," तेता म्हणाली. गीसानं हात वर करून पाठिंबा दिला, आणि एक चुकार टॅक्सी थांबली.

दातिवानं डोळे मिटले. "पुढच्या रविवारी मी तंबूत आहे," ती म्हणाली. "तुम्ही तिघं तिथपर्यंत या. बाबा, तुमचा रक्तदाब मोजायचाय. त्याच्या पुढचंही बघू. पण तारीख मी सांगणार, पाठ नाही."

म्हणजे रविवार माझा राहिला.

मला उभं राहावंसं वाटलं, म्हणून उभा राहिलो. असा क्षण रोज येत नाही. मी त्या चौघांकडे तोंड केलं, रस्त्याकडे पाठ केली, आणि सांगायला सुरुवात केली की रंगीत वेळापत्रकं येतील आणि जातील, पण मुलाचं बोट धरून शहराला थांबायला लावणं, यापरतं शिक्षण नाही. की चूक झाली हे मान्य, पण मोठी माणसं चुकली नसती तर मुलांना रस्ते सापडले नसते. की आज या साध्या पट्ट्यांवर आम्ही तिघांनी...

"सोगोकुरू," तेतानं माझी बाही ओढली.

"बोल, बाळा."

"जरा सरका ना. गाड्या दिसत नाहीत."