नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खोल्या

दिवाळीपासून आमच्या फ्लॅटमध्ये नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खोल्या आहेत. खऱ्या चारच. हॉल, स्वयंपाकघर, बेडरूम, न्हाणीघर आणि मग पुन्हा हॉल. फक्त पडद्यांचा रंग बदलतो, आणि एखाद्या खोलीत पंखा उलटा फिरतो.

मला त्याचं नवल वाटलं नाही. लहानपणी व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर हाच आकडा छापलेला असायचा आणि आत गेम निघायचे चार, नावं बदलून पुन्हा पुन्हा. मिरजेत आम्ही जुन्या गेमचे शौकीन दर रविवारी जमतो. कॅसेटच्या यादीत खूप खाली कुठेतरी एक गेम खरोखर वेगळा आहे, यावर आमच्यातल्या प्रत्येकाचा विश्वास आहे. आमचा कट्टीमनी तर त्यासाठी बहिणीच्या लग्नातून उठला आणि आपल्या घरातल्या अशाच वाढलेल्या खोल्यांत शिरला. परत आला तेव्हा त्याची बोटं पुठ्ठ्यासारखी चपटी झाली होती. गेम काही सापडला नव्हता. चहाचा कप धरता येत नसूनही गडी खूश होता. हौसेला मोल नसतं.

मला तो गेम शरयूसाठी हवा होता. शरयू माझी बायको. लग्नानंतर ती रोज संध्याकाळी माझ्याबरोबर खेळायला बसायची. कॅसेट चालेनाशी झाली की फुंकर तीच मारायची, कारण माझ्या फुंकरीत तिच्या मते दम नव्हता. तिला सदा बडीशेप चघळायची सवय, त्यामुळे आमच्या सगळ्या कॅसेटना बडीशेपेचा वास येतो. मग एक दिवस तिने कंट्रोलर खाली ठेवला. म्हणाली, तेच ते आहे सगळं. तेव्हापासून दोघांचा गेम मी एकटा खेळतो. दुसरा गडी सुरुवातीच्या जागेवर नुसता उभा राहतो आणि मरतो. मला ते बघवत नाही.

"एक तरी नवीन दाखवा," शरयू म्हणाली. "मग बसते मी."

मी माझं फोटोफ्रेमचं दुकान बंद केलं आणि न्हाणीघरातून पुढच्या हॉलमध्ये गेलो.

प्रत्येक हॉलमध्ये शरयू मटार सोलत बसलेली असायची. पडदे पिवळे तर साडी पिवळी, पडदे निळे तर साडी निळी. सापडला का, असं ती विचारायची, मी नाही म्हणायचो. मग ती म्हणायची, कुठेही जा, पळसाला पानं तीनच. मी मूठभर मटार घ्यायचो आणि पुढे जायचो. कंटाळा आला नाही. खरं सांगायचं तर एरवी वर्षभरातसुद्धा आमचं इतकं बोलणं होत नाही.

पुढे छत खाली यायला लागलं. आधी पंखे काढून ठेवलेले दिसले, मग मी वाकून चालू लागलो, मग रांगत. मटार मोहरीएवढे झाले. शरयूची साडी चार-पाच चौकोनांत आटोपू लागली आणि तिचं 'सापडला का' नुसतं टूं टूं असं वाजू लागलं. मला ते कळत होतं. मी मान हलवायचो. एका स्वयंपाकघरात मी चष्मा ठेवला, कारण तो नाकावर मावेना. माझी बोटंही चपटी झाली होती, पण दुखत नव्हती.

शेवटच्या खोलीला पडदा नव्हता. दार टपालपेटीच्या फटीएवढं होतं. मी श्वास सोडला आणि आत सरकलो.

तो हॉल नव्हता. स्वयंपाकघरही नव्हतं. हिरवी जमीन होती, नदी होती आणि नदीत दोन जागांची होडी. असं काही मी कुठल्याच गेममध्ये पाहिलं नव्हतं. पायाशी दोन कंट्रोलर पडले होते. शरयू मात्र इथे नव्हती. माझे डोळे भरून आले.

"शरयू," मी हाक मारली, "सापडला."

होडी हलली नाही. आकाशात आडव्या रेघा आल्या, नदी फाटली आणि हिरव्या जमिनीवर चुकीची अक्षरं उमटली. कॅसेट नीट बसली नाही की असंच होतं. मी जागच्या जागी उभा राहिलो.

मग सगळी खोली कोणीतरी उचलली. आकाशाच्याही पलीकडून मटारांचं ताट बाजूला ठेवल्याचा आवाज आला.

"थांबा," शरयू म्हणाली. "बसते मी. आधी फुंकते."

खोलीची खालची बाजू उघडली आणि उजेड आला. मी एका हाताने होडीची कड धरली. दुसरा कंट्रोलर उडून जाऊ नये म्हणून पोटाशी घेतला. बडीशेपेचा वास आला, आणि तिने गाल फुगवले.