ओटीवरचा मीटर

पोशीरच्या संध्याची कोंबड्यांची शेड घरामागच्या उतारावर लांब, आणि शेडमधली ऊब दाखवणारा, तिथला हीटर चालू-बंद करणारा मीटर मात्र घराच्या ओटीवर. एवढी लांब वायर कशाला, असं कुणी विचारलं की सासू भागूबाई तोंड फिरवायची. महिन्याचे चार दिवस सुनेनं शेडचा उंबरा ओलांडायचा नाही, पिल्लांना विटाळ सोसत नाही, असा तिचा कायदा. त्या दिवसांत संध्यानं ओटीवर बसून आकडा बघावा, म्हणून ही वायर. काय पण सोय!

संध्यानं तीही मान्य केली. शेड तिनं हट्टानं उभी केलेली, आणि नवरा विलास आधीच बोलून बसला होता, की पिल्लांची ही बॅच गेली तर जागा फार्महाऊसवाल्यांना द्यायची.

वायर ओढली विलासच्या चुलतभावानं, गजानं. घरचा माणूस असताना बाहेरचा वायरमन आणला तर भावकी रुसते ना! खरं तर विलास खालापूरच्या कारखान्यात ऊब मोजणारे असलेच सेन्सर सांभाळायचा. लांबच्या सेन्सरला तीन तारांची केबल लागते, मधे जोड चालत नाही, हे तो झोपेतही सांगेल. गजानं घरात पडलेली बेलची दोन तारांची वायर आणली, पुरेना म्हणून दुसरी पिळून जोडली आणि वर चिकटपट्टी गुंडाळली. मीटर भलताच आकडा दाखवायला लागला, तर बटणं दाबून तो जुळवून टाकला. विलासनं सगळं बघितलं आणि म्हणाला, चालतंय, घरचंच काम हाय.

माघाच्या थंडीत पिल्लं आली आणि दोनच दिवसांत संध्या बाजूला बसली. दाणापाणी भागूबाईनं हातात घेतलं. दुसऱ्या सकाळी ती शेडमधून कौतुक करत आली, की पिल्लं कशी एकमेकांच्या अंगावर चढून लाडात बसलीत. संध्या ऐकताच उठली. पिल्लं अशी ढीग करतात ती थंडीनं, लाडानं नाही. तिनं विलासला सांगितलं. त्यानं मीटरकडे बघितलं, आकडा बत्तीस.

"मशीन खोटं बोलतंय का?" तो म्हणाला आणि ड्युटीला गेला.

दुपारी संध्या शेडच्या दारापर्यंत गेली. आतून चिवचिव नुसती कानाला टोचत होती. हात कडीवर गेला, तेवढ्यात भागूबाईनं ओटीवरून हाक मारली. आपण आत गेलो आणि पिल्लं दगावली, तर खापर आपल्याच डोक्यावर फुटणार, असं मनात आलं, आणि ती मागं फिरली. त्या फिरण्याचा तिला पुढं स्वतःचाच संताप संताप झाला.

सकाळी कोपऱ्यात मेलेल्या पिल्लांचा थर होता. विलासनं वायरवरची चिकटपट्टी सोडली. दवानं जोड हिरवा पडला होता. खराब जोडातून वीज अडत होती, आणि मीटर त्या अडण्यालाच ऊब समजून हीटर बंद करत होता. हे विलासनं बायकोला हळू आवाजात सांगितलं. आईपुढं मात्र मूग गिळून बसला. भागूबाईनं गल्लीभर करून टाकलं, की सुनेनं शिवाशिव केली.

रविवारी फार्महाऊसचा एजंट आला. संध्या चहा घेऊन बाहेर येत होती आणि तिला ऐकू आलं. एजंटानं शेड का मोडताय म्हणून विचारलं होतं.

"बायकोनं पाळायचं ते पाळलं नाय," विलास सांगत होता.

संध्यानं कप एकेकाच्या पुढं ठेवले.

"मी शेडमधे गेले नव्हते," ती म्हणाली. "गेले असते तर पिल्लं जगली असती."

एजंटानं चहाचा घोट घेतला आणि जागेची हद्द कुठपर्यंत आहे ते विचारलं.